मोठ्या आवाजातली उपकारस्तुती

ताई,

तू गेलीस त्या सकाळी घरात कोणी मोठ्यानं रडलं नाही, हे तुला आधी सांगून टाकतो. संगीता स्वयंपाकघरात जाऊन रडली, रोशनी गच्चीवर गेली. मी कुठे रडलो ते सांगणार नाही. तू बजावून ठेवलं होतंस, "माझ्या मागे रडारड नको, देवाची उपकारस्तुती करा." फौजेत तेवीस वर्षं काढलेल्या बाईचा हुकूम मोडायची हिंमत तुझ्या भावात आणि भावजयीत नव्हती. तुझ्या भाचीत तर नव्हतीच.

आज दोन आठवडे झाले. चर्चच्या पाळकसाहेबांनी मला एक कागद दिलाय. मंडळीच्या अंकासाठी तुझ्याबद्दल लिहायचंय. जन्म, शिक्षण, सैन्यातली सेवा, मिळालेली पदकं. मी दोन वेळा लिहायला बसलो आणि दोन्ही वेळा तुझ्या जन्मतारखेपाशीच अडकलो. मग वाटलं, ते सगळं कोणीतरी लिहीलच. मला तुझ्याशी बोलायचंय. आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय आणि त्याचं पुढे काय झालं ते तुला कळायला हवं.

बूढ़ापाऱ्यातल्या भाड्याच्या घरात आपण लहानाचे मोठे झालो. बाबा अमरावतीकडून रेल्वेच्या नोकरीवर आले आणि रायपूरचेच झाले. नर्सिंगचं शिक्षण संपल्यावर तुझी फौजेत निवड झाली, तेव्हा गल्लीतल्या एका गृहस्थांनी बाबांना विचारलं होतं, "साळवेजी, पोट्टीले फौजेत काहून पाठवून राहिले?" बाबा म्हणाले, "मी नाही पाठवून राहिलो. ती चालली आहे. मी फक्त स्टेशनवर सोडून देऊन राहिलो." ते वाक्य तू पुढे कितीतरी लोकांना ऐकवलंस. प्रत्येक वेळी बाबांच्या आवाजात.

आई घरात गायची. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना, चर्चमधली गाणी, तीही अशा आवाजात की बूढ़ा तलावाच्या काठावर ऐकू जावीत. शेजाऱ्यांना तिची गाणी पाठ होती. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही. आई गेली, बाबा गेले, आपण चौबे कॉलोनीत घर घेतलं आणि तू कुठल्या ना कुठल्या छावणीच्या इस्पितळात राहिलीस. घर माझ्यावर आलं. दर बुधवारी संध्याकाळी घरात प्रार्थना करायची आईची पद्धत मी चालू ठेवली. पण एक बदल केला. गाणं सुरू व्हायच्या आधी मी रस्त्याकडच्या खिडक्या लावून घ्यायला लागलो.

मला कोणी लावायला सांगितलं नव्हतं. एकदा गाणं चालू असताना रस्त्यावरचा एक माणूस थांबला, वर बघत उभा राहिला आणि निघून गेला. एवढंच. त्याच सुमाराला माझ्या लक्षात आलं की आपली प्रार्थना सुरू झाली की शेजारच्या देशमुख काकू त्यांचं दार ओढून घेतात. यवतमाळकडची बाई, एरवी दिवसभर दार सताड उघडं. बुधवारी साडेसहाला मात्र बंद. मी काय समजायचं ते समजलो.

त्याच वर्षी तू परदेशी गेलीस. आपल्या सैन्याची तुकडी शांतिसेनेत आफ्रिकेला निघाली होती आणि तिच्यासोबतच्या इस्पितळात तुझी नेमणूक झाली. वर्षभर दर रविवारी दुपारी तुझा फोन यायचा. आवाज तुटत यायचा. तू पहिलं विचारायचीस, "जेवला का?" आणि दुसरं, "चर्चले गेला होता का?" मी म्हणायचो, हो. ताई, त्यातले निम्मे रविवार मी घरीच होतो. हे तुला कबूल करायचं म्हणून कितीदा मनात आणलं. शेवटी एकदा केलं, तर तू हसून म्हणालीस, "मले माहीत होतं. 'हो' म्हणायच्या आधी तू खोकलत होता." इतक्या समुद्रापलीकडून तुला माझं खोकणं कळत होतं.

तू परत आलीस तेव्हा उन्हानं काळी आणि अंगानं बारीक झाली होतीस. पहिल्याच बुधवारी मी खिडक्या लावायला उठलो, तेव्हा तू विचारलंस, "काहून लावून राहिला?"

"असंच. मच्छर येतात."

"जाळी लावली आहे ना."

तू उठलीस, तिन्ही खिडक्या उघडल्यास आणि आईच्या आवाजात गायला लागलीस. मी मान खाली घालून बसलो. शेजारी काकूंचं दार बंद झाल्याचा आवाज मी ऐकला. प्रार्थना संपल्यावर आपलं पहिलं भांडण झालं. मी म्हणालो, "ताई, तू आठ दिवसांनी निघून जाशील. मला इथं राहायचंय. रोशनीला इथल्या शाळेत जायचंय. लोकांच्या नजरेत यायची गरज काय?"

तू म्हणालीस, "हे तू बरोबर बोलला. इथं राहणाऱ्यानं ठरवायचं." आणि पुढच्या बुधवारी तू स्वतः उठून खिडक्या लावल्यास. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

दोन वर्षांनी तू निवृत्ती घेतलीस. दोन लोखंडी पेट्या घेऊन दारात उभी राहिलीस आणि चप्पल काढायच्या आधी म्हणालीस, "सुधीर, आता मी बी इथंच राहणार. आता बोल."

बूढ़ा तलावावर आपण संध्याकाळी फिरायला जायला लागलो ते तेव्हापासून. तिथेच, एका बाकावर बसून, तू मला त्या वर्षाची गोष्ट सांगितलीस. इतके दिवस तू त्यातलं काही बोलली नव्हतीस. आम्हाला फक्त तंबू, लाल माती आणि मच्छरदाण्यांचे किस्से माहीत होते.

तुमच्या छावणीपासून काही अंतरावर नदीकाठी एक वस्ती होती. बहुतेक सगळे ख्रिस्ती. त्या भागावर बंदुकवाल्या टोळीचा ताबा होता आणि त्यांनी वस्तीत ढोल वाजवायला, गायला, चर्चमध्ये जमायला बंदी घातली होती. चर्चच्या दाराला आडवी लाकडं ठोकली होती. तुम्हाला आठवड्यातून एकदा मुलांना तपासायला जायची तेवढी परवानगी मिळायची. एका पडक्या शाळेत बायका मुलं घेऊन रांगेत बसायच्या.

"मले आधी वाटलं जनरेटर चालू आहे," तू म्हणालीस. "घुं घुं असा आवाज. मी आमच्या शिपायाले विचारलं, इथं वीज कुठून आली? तो म्हणाला, मॅडम, वीज नाही. मग मी पाहिलं. त्या बाया गाऊन राहिल्या होत्या. ओठ बंद. पोरगं मांडीवर, नजर जमिनीवर, आणि गळ्यातल्या गळ्यात गाणं. सगळ्या मिळून."

आणि त्या गाण्याची चाल तुझ्या ओळखीची निघाली. शब्द ऐकूच येत नव्हते, पण चाल आईची होती. कपडे वाळत घालताना ती जे गायची, तेच गाणं. कोण्या काळी ते कुठून निघालं, इकडे मराठीत आलं आणि तिकडे त्यांच्या भाषेत गेलं. तुझ्या हातात एका बाळाचा दंड होता, तू ताप बघत होतीस, आणि तुझ्याही नकळत तू मराठीतून गायला लागलीस. उघड्या तोंडानं. आईसारखं.

सगळ्या बायका गप्प झाल्या. मुलं रडायला लागली. रांगेत पुढे बसलेली एक म्हातारी उठली, तुझ्यापाशी आली आणि तिनं तुझ्या तोंडावर हात ठेवला. घट्ट. तिच्या हाताला मातीचा वास होता, असं तू म्हणालीस. बाहेर टोळीचा एक जण बंदूक घेऊन झाडाखाली बसला होता. तो उठून दारापर्यंत आला, त्यानं आत बघितलं, आणि तुझा गणवेश बघून तो परत गेला. पण म्हातारीनं हात लगेच काढला नाही.

"माझ्यामुळं त्यांचा जीव गेला असता," तू म्हणालीस. "मी गणवेशातली. मले कोणी हात लावला नसता. त्यायले लावला असता. मी छावणीत येऊन दोन दिवस जेवली नाही. आणि सुधीर, मले राहून राहून काय आठवत होतं सांगू? आपली आई. तिनं जन्मभर गायलं, आणि तिच्या तोंडावर कोणी हात ठेवला नाही. मी बी जन्मभर गायली. त्यासाठी मी देवाले एकदा बी धन्यवाद नव्हता दिला. भाकरीसाठी दिला, नोकरीसाठी दिला. यासाठी नाही. ही काही देण्याघेण्याची गोष्ट आहे, हेच मले माहीत नव्हतं."

त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी कुठेतरी समझोता झाला. टोळी नदीपलीकडे गेली आणि आपल्या जवानांचा नाका वस्तीपाशी बसला. त्या रविवारी सकाळी तू वॉर्डात होतीस. पहारेकऱ्यानं येऊन सांगितलं की फाटकावर गर्दी जमली आहे आणि कोणी म्हातारी तुम्हाला बोलावते आहे. तू धावत गेलीस. तुला वाटलं कोणी जखमी आणलंय. फाटकाबाहेर शे-दीडशे माणसं उभी होती, धुतलेल्या कपड्यांत, ढोल घेऊन. म्हातारी पुढे आली. तिनं तुझा चेहरा दोन्ही हातांत धरला, तुझ्या ओठांवरून अंगठा फिरवला, आणि हातानंच खूण केली, गा.

तू वळून आपल्या कमांडिंग ऑफिसरकडे बघितलंस. ते घड्याळ बघत म्हणाले, "सिस्टर, नाक्यापर्यंत. नाक्याच्या पुढे नाही."

हे सांगताना तू बाकावरून उभी राहिली होतीस, ताई. तलावावर फिरायला आलेली माणसं आपल्याकडे बघत होती. नाक्यापर्यंतच्या रस्त्यावर म्हातारी तुझा हात धरून चालली. तू मराठीत, ते त्यांच्या भाषेत, एकच गाणं. नाक्यावर उभा असलेला तुमचा पंजाबी ड्रायव्हर गाडीच्या बॉनेटवर ताल धरून होता. नाक्यावर तू थांबलीस आणि ते पुढे गेले. चर्चच्या दारावरची लाकडं त्यांनी स्वतः उपटली. त्याचा आवाज तुला नाक्यावर ऐकू आला. त्यानंतर पुन्हा गाणं सुरू झालं ते दुपारपर्यंत. "एवढा मोठा आवाज," तू म्हणालीस, "की आमचे तापानं फणफणलेले पेशंट उठून बसले."

मी म्हणालो, "ताई, तिथं बंदूकवाले होते. आपल्याकडे कोण आहे?"

तू माझ्याकडे बघितलंस. "मग खिडकी काहून बंद आहे?"

उत्तर माझ्याकडे होतं. मी वर्तमानपत्र वाचतो, ताई. कुठे काय घडतं ते मला माहीत आहे, आणि सगळ्याच भीती मनाचे खेळ असतात असं मी आजही म्हणणार नाही. तेव्हाही मी तेच म्हणालो. तू मान डोलावलीस. "भीती वाटली तर वाटू दे. मले बी वाटते. पण आपल्या तोंडावर दुसऱ्यानं हात ठेवायच्या आधी आपणच ठेवायचा, हे मले जमणार नाही." त्या बुधवारपासून खिडक्या उघड्या राहिल्या. तू गात राहिलीस. मी मात्र ओठ हलवायचो, आवाज काढायचो नाही. रोशनीच्या ते लक्षात आलं होतं. ती एकदा म्हणाली, "पापा, आप तो सिर्फ़ लिप-सिंक करते हो." तू इतकी हसलीस की प्रार्थना पाच मिनिटं उशिरा सुरू झाली.

मग तुझं आजारपण आलं. किडनीचं दुखणं चार महिने चाललं. त्याबद्दल फार लिहीत नाही, कारण तुलाही त्याबद्दल बोललेलं आवडायचं नाही. इस्पितळातल्या नर्स तुला घाबरून असायच्या. सलाईन नीट लावलं नाही तर तू डोळे मिटूनच म्हणायचीस, "बेटा, फिर से लगाओ." पण जायच्या दोन दिवस आधी तू मला जवळ बसवून घेतलंस आणि म्हणालीस, "सुधीर, आज तू प्रार्थना कर. उपकारस्तुतीची. मोठ्यानं."

मी म्हणालो, "कशाचे उपकार, ताई? तुझी ही हालत आहे आणि मी धन्यवाद देऊ?"

"दे ना."

"मला नाही जमत."

तू माझ्या हातावर थोपटलंस आणि म्हणालीस, "बरं." फक्त बरं. रागावली असतीस तर सोपं गेलं असतं. ते बरं मी दोन दिवस घेऊन फिरत होतो आणि तिसऱ्या सकाळी तू गेलीस.

आता पुढचं ऐक.

तुला घरी आणलं तेव्हा सगळ्यात आधी देशमुख काकू आल्या. त्यांनी तुझ्या पायाला हात लावला, मग माझ्याजवळ बसल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "भाऊ, आज तुमची प्रार्थना होईल ना? ह्यांले सांगून ठेवलं मी, आज टीव्ही लावायचा नाही म्हणून."

मला काही कळलं नाही. मी म्हणालो, "टीव्ही?"

"ह्यांले ऐकू कमी येते ना. बातम्या इतक्या मोठ्यानं लावतात. बुधवारी तुमची प्रार्थना सुरू झाली की मी दार ओढून घेत होती, तुमच्या गाण्यात आमचा आवाज नको म्हणून. मग मी मागच्या अंगणात येऊन बसत होती. दीदीचा आवाज तिथं छान ऐकू यायचा. मधात काही वर्षं तुम्ही खिडक्या काहून लावत होते?"

ताई, मी त्या बाईच्या तोंडाकडे बघत राहिलो. तू बाजूला शांत पडलेली. तुला उठवून सांगावंसं वाटलं, अगं ऐकलंस का? इतकी वर्षं मी ज्या दाराला घाबरलो, ते दार आपल्या गाण्यासाठी बंद होत होतं. मला हसू आलं. तुझ्या शेजारी बसून, सगळ्यांसमोर, मी हसलो, आणि हसता हसता माझा बांध फुटला. बघ, कुठे रडलो ते सांगणार नव्हतो, सांगून बसलो. काकू पदरानं माझे डोळे पुसत होत्या आणि त्यांना वाटत होतं त्यांचंच काही चुकलं.

दुपारी रोशनीनं विचारलं, "पापा, बुआ के लिए खिड़कियाँ खोल दूँ?" मी म्हणालो, दार पण उघड. माणसं जिन्यात आणि रस्त्यावर उभी होती. तुझ्या जुन्या पलटणीतले चौघे निवृत्त जवान आले होते, इस्त्रीच्या कपड्यांत, पदकं लावून. त्यांनी तुला सलाम केला. काका मंडळी, सदर बाजारातला आपला कापडवाला, तुझ्या इंजेक्शनला घाबरणाऱ्या कॉलोनीतल्या बायका, सगळे. चर्चमधल्यांनी गाणं सुरू केलं. आईचंच. आणि मागच्या अंगणाकडून एक नवा आवाज त्यात मिसळला, थोडा बेसूर पण शब्दाला पक्का. काकूंना सगळी कडवी पाठ होती.

कब्रस्तानात विधी झाला. पाळकसाहेबांनी माती देऊन झाल्यावर विचारलं, कुटुंबातलं कोणी प्रार्थना करेल का? सगळ्यांना वाटलं संगीता करेल. मी पुढे झालो. माझा गेलेला विश्वास एका दिवसात सगळा परत आला असं मी म्हणणार नाही, तू असतीस तर आधी तूच मला खोटं बोलू नको म्हणाली असतीस. पण धन्यवाद कोणाला द्यायचा, याबद्दल त्या क्षणी मला शंका नव्हती. आणि कशाबद्दल द्यायचा, तेही मला माहीत होतं.

मी मोठ्यानं बोललो, ताई. म्हणालो, प्रभू, माझ्या आईच्या गळ्यासाठी तुझे उपकार मानतो. आम्हाला भर रस्त्यातून पवित्र शास्त्र हातात घेऊन चर्चला जाता येतं, त्यासाठी मानतो, आणि जिथं अजून जाता येत नाही तिथल्या माणसांसाठी मागतो. त्या नदीकाठच्या म्हातारीसाठी, तिच्या हातासाठी मानतो. शेजाऱ्यांसाठी मानतो, ज्यांना मी ओळखलं नाही. आणि तू आम्हाला ही बहीण दिलीस, फौजेला दिलीस, परत दिलीस, त्यासाठी. दोन दिवसांपूर्वी मला हे जमलं नव्हतं, मला क्षमा कर. बहिणीनं तर ती केलीच असेल.

सगळ्यांनी आमेन म्हटलं. त्या चौघा जवानांतल्या सरदारजींनी सगळ्यात खड्या आवाजात.

नेहमी कब्रस्तानातून लोक गप्प निघतात. त्या दिवशी कोणी सुरुवात केली ते माहीत नाही, पण फाटकाकडे निघताना पुन्हा गाणं सुरू झालं आणि फाटकाशी थांबलं नाही. आम्ही तसेच रस्त्यावर आलो, पन्नास-साठ माणसं, संध्याकाळच्या गर्दीत. मी पुढे होतो आणि मला माझा आवाज ऐकू येत होता. किती वर्षांनी ऐकत होतो. आईसारखा नाही, तुझ्यासारखा तर नाहीच, पण बराच मोठा. एका स्कूटरवाल्यानं गाडी हळू केली, आमच्या सोबत थोडं अंतर चालवली आणि मला विचारलं, "भैया, आज कोई त्योहार है क्या?"

"हव," मी म्हणालो, "हमारे घर का है."

तुझा,
सुधीर